खाडीवरचा पूल आणि दोन व्याही

९ सप्टेंबर

व्याहीबुवा,

नमस्कार. तुम्हाला तीनदा फोन केला. एकदा लागला नाही, एकदा तुमच्या दुकानातल्या मशीनच्या खडखडाटात तुम्ही काय बोललात ते कळलं नाही, आणि तिसऱ्यांदा तुम्ही "नंतर करतो" म्हणालात, त्याला आता आठवडा होऊन गेला. तसंही फोनवर मला तुमचं निम्मं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्यातलं निम्मं पटत नाही. त्यापेक्षा आपलं पत्र बरं.

बातमी अशी की खाडीवरचा पूल झाला. झाला म्हणजे खरोखर झाला, मी जाऊन हात लावून आलो, ओलांडला मात्र नाही. फक्त सायकली आणि पायी चालणारे यांच्यासाठी आहे. उद्घाटनाला आलेल्या साहेबांना सायकल चालवता येत नव्हती, म्हणून फोटोपुरती ती हाताने धरून चालले, आणि पूल संपल्यावर दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळे झाले. आपल्या किनाऱ्याच्या रस्त्याला आता 'ऐतिहासिक सागरी सायकलमार्ग' म्हणायचं आहे. जकातघरापाशी निळी पाटी, तोफांच्या बुरुजापाशी निळी पाटी, मिठाच्या पडक्या कोठारापाशीही निळी पाटी. पाट्यांवरच्या अक्षरांची जुळणी इतकी गचाळ आहे की छापखान्यात माझ्या हाताखाली कोणी असली केली असती, तर मी त्याला सगळे खिळे पुन्हा खणात टाकायला लावले असते. पण तो विषय वेगळा.

विषय हा की पोरांच्या लग्नात मांडवामागे उभ्या असलेल्या एका जुन्या सायकलीवरून आपली ओळख झाली, तेव्हापासून सात वर्षं आपण दोघं या रस्त्याने जातोय आणि सातही वर्षं खाडीशी येऊन अडतोय. बांधावर बसायचं, डबा खायचा, पलीकडच्या दीपगृहाकडे बघायचं आणि मागे फिरायचं. दर वर्षी तुम्ही म्हणता, पुढच्या वर्षी पूल होईल. दर वर्षी मी म्हणतो, आपण चौघांच्या खांद्यावरून गेल्यावर होईल. तर या वेळी तुम्ही जिंकलात. मी हरलो म्हणून इतका आनंद मला पहिल्यांदाच झालाय.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात निघू, तोवर वारा पडलेला असतो. लॉजवाल्या बाईंना नेहमीची खोली सांगून ठेवतो. नियम जुनेच. एका खुणेपासून पुढच्या खुणेपर्यंत एकाने पुढे राहायचं, तिथे अदलाबदल. आणि रस्त्यावर पोरांचा विषय काढायचा नाही. हा दुसरा नियम तुम्ही पहिल्याच वर्षी केलात, मी बुरुजाखाली बसून सूनबाईंच्या उशिरा उठण्याबद्दल बोलायला तोंड उघडलं तेव्हा. बरं केलंत. बाकीचे व्याही बघा, एकमेकांच्या दारावरून जाताना मान वळवतात. आपण टिकलो ते या नियमावर.

उलट टपाली होकार कळवा. नकार कळवायची सोय ठेवलेली नाही.

आपला,
छापखानेवाला

२० सप्टेंबर

व्याहीबुवांस सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. पूल झाल्याचं वाचून फार बरं वाटलं. दुकानात मोठ्याने वाचून दाखवलं.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. एका बँकेच्या सगळ्या माणसांचे गणवेश शिवायला आलेत आणि माझा काजं करणारा माणूस नेमका सुट्टीवर गेलाय. त्यात डावा गुडघा जिने चढताना कुरकुरतो. सायकलीच्या मागच्या चाकातही आउट आलाय, फिरताना डुलतं. तेव्हा ऑक्टोबरचं जरा अवघडच दिसतंय. आपण असं करू, सध्या काही ठरवायला नको. पूल काही पळून जात नाही.

तुमची प्रकृती कशी आहे? वहिनींच्या पाठीचं काय? चिरंजीव कसे आहेत? त्यांच्याशी एवढ्यात निवांत बोलणं झालं का? सहज विचारलं.

आपला,
शिंपी

२५ सप्टेंबर

व्याहीबुवा,

तुमची तीन कारणं मी हिला वाचून दाखवली. ही म्हणाली, एकच कारण दिलं असतं तर खरं वाटलं असतं.

गुडघ्याचं घ्या. गेल्या वर्षी कोठाराच्या चढावर मी उतरून सायकल ढकलत होतो आणि तुम्ही शीळ घालत वर गेलात. वर जाऊन पायावर पाय टाकून माझी वाट बघत बसलात, त्या पायात हाच गुडघा होता ना? चाकाचं घ्या. तारा कसून आउट काढायला किती वेळ लागतो ते तुम्हालाही माहीत आहे. गणवेशांचं घ्या. बँकेतली माणसं तोवर उघडी बसणार नाहीत.

चिरंजीवांचं विचारलंत. ठीक आहेत. रविवारी फोन येतो, पाच मिनिटं, जणू मागे रांग लागलीय. सूनबाई गेले कित्येक रविवार फोनवर आल्या नाहीत. एकदा बाजारात होत्या, एकदा मैत्रिणीकडे, एकदा झोपल्या होत्या. नोकरी करून माणूस दमतं, मी काही बोललो नाही. पण तुम्ही पोरांची चौकशी कधी करत नाही, रस्त्यावर नाही आणि पत्रातही नाही, मग या वेळीच कशी केलीत? मला वाटतं, विषय बदलायला.

कारण खरं काय ते मला काल पेपरात दिसलं. नव्या सायकलमार्गावरून गेलेल्या पहिल्या मंडळाचा फोटो आलाय आणि मंडळ तुमच्याच गावचं आहे. सगळे पिवळ्या शर्टात. पुढे तुमच्या गल्लीतला तो औषधवाला, छाती काढून. त्या शर्टांच्या कॉलरी कोणी शिवल्यात ते मला चष्म्याशिवाय कळलं. तुमचा चेहरा फोटोत नाही, पण मागच्या रांगेत एकाचं डोकं कापलं गेलंय आणि त्याचं पोट तुमच्यासारखं आहे.

मला स्पष्ट लिहा. मी रस्ताभर कुरकुरतो. वाऱ्याबद्दल, खड्ड्यांबद्दल, लॉजवरच्या उशांबद्दल. माझा कंटाळा आला असेल तर समजू शकतो, हिलाही येतो. पण सात वर्षं आपण बांधावरून माघारी फिरलो आणि नेमका पूल झाल्यावर तुम्ही दुसऱ्यांबरोबर तो ओलांडला? मी रागावलोय. आणि वाईटही वाटलंय, तेही लिहून टाकतो, म्हणजे नंतर लिहिलं नाही असं व्हायला नको.

छापखानेवाला

३ ऑक्टोबर

व्याहीबुवांस नमस्कार.

ते पोट माझं नाही. आमच्या पोस्टमास्तरांचं आहे. शर्ट मी शिवले, कारण शिवायला आले. औषधवाल्याने मला मंडळात या म्हणून आग्रह केला होता, मी त्याला सांगितलं की माझा तो रस्ता ठरलेला आहे आणि सोबतही ठरलेली आहे. तुमच्याशिवाय तो पूल ओलांडला असता तर मी तुम्हाला तोंड दाखवलं नसतं.

पण यंदा मी येत नाही. दिलेल्या कारणांत चाकाचं तेवढं खरं होतं, बाकीची दोन मी बनवली. आणखी एक बनवायचा कंटाळा आलाय. जे खरं आहे ते सांगणं माझ्या हातात नाही. ते आज ना उद्या तुम्हाला कळेल, आणि कळल्यावर तुम्ही माझ्यावर चिडाल. चिडा. तेवढा हक्क तुमचा आहे. मला सध्या झोप कमी येते, खाण्यावर वासना नाही, दुकानात लक्ष लागत नाही. अशा माणसाला बरोबर घेऊन तुमचे चार दिवस फुकट जातील.

राग धरू नका म्हणायला तोंड नाही.

आपला,
शिंपी

१९ ऑक्टोबर

नमस्कार.

वर काय लिहायचं ते सुचेना, म्हणून नुसता नमस्कार.

तुमचं गेलं पत्र वाचून मला घाम फुटला. झोप नाही, खाण्यावर वासना नाही, आज ना उद्या कळेल. मी समजलो, तुम्हाला काहीतरी मोठं दुखणं झालंय आणि तुम्ही ते लपवताय. हिने सुचवलं, लेकीला माहीत असणार, सूनबाईंना विचारा. असलं फोनवर विचारता येत नाही. म्हणून पहिल्या गाडीने, न कळवता, शहरात पोरांच्या घरी गेलो. वाटेत मी तुमच्यासाठी तीन डॉक्टर मनात निवडले होते.

चिरंजीवांनी दार उघडलं. मला बघून त्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं, मी उशीर केला, तुम्ही गेलात. सूनबाई कुठे विचारलं, तर बाहेर गेलीय म्हणाले. बसलो. चहा झाला. दुपार झाली. हात धुवायला आत गेलो तर बेसिनवर एकच टूथब्रश. खुंट्यांवर एकाच माणसाचे कपडे. खिडकीत तिने हौसेने लावलेल्या कुंड्या, त्यांतली झाडं वाळून काड्या झालेली. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडेना, कारण डोक्यात तुमचं दुखणं होतं. मी बाहेर येऊन विचारलं, "खरं सांग, तुझे सासरे फार आजारी आहेत का?"

तो म्हणाला, "बाबा, ते ठणठणीत आहेत. आम्ही वेगळे झालोय."

जूनपासून. तिने बदली मागून घेतली, तुमच्या घरी राहते, तिथूनच कामावर जाते. गेल्या आठवड्यात घटस्फोटाच्या अर्जावर दोघांच्या सह्याही झाल्या. म्हणजे मी तुमच्या गुडघ्याची चेष्टा करणारी पत्रं लिहीत होतो तेव्हा ती आतल्या खोलीत होती. सूनबाई मैत्रिणीकडे, सूनबाई झोपलेल्या, हे मी तुम्हालाच कळवत होतो. ते वाचताना तुम्ही काय केलंत? हसलात?

आणि ही. हिला म्हणे उन्हाळ्यापासून संशय होता. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्हाला सांगून काय होणार, तुम्ही आधी ओरडणार आणि मग जाऊन सगळ्यांना समजावत बसणार. म्हणजे सगळ्या जगाला माहीत आणि मी एकटा पूल झाला, पूल झाला म्हणून नाचतोय.

पोरावर रागवायचं ठरवून बसलो होतो. जमलं नाही. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झालीय त्याच्या. सूनबाईंवर रागवायचा प्रयत्न केला, तेही जमेना. तुमच्यावर मात्र न ठरवता जमतंय. तुम्ही मला सांगायला हवं होतं. एक ओळ पुरली असती. पोरांचा विषय काढायचा नाही, हा नियम मला केवढा शहाणपणाचा वाटायचा. त्या नियमाने मला मूर्ख करून ठेवलं. सात वर्षं मी एका माणसाच्या पुढेमागे सायकल चालवली आणि घरात काय चाललंय ते आम्ही एकमेकांना विचारलं नाही, आणि त्यालाच मैत्री म्हणत होतो.

आता आपण एकमेकांचे कोण? पोरांची गाठ होती म्हणून आपण होतो. ती सुटली. तुम्ही मला शिवून दिलेली कॅरिअरची कॅनव्हासची पिशवी वेगळ्या पार्सलने परत पाठवतोय. लॉजवाल्या बाईंना यापुढे खोली नको म्हणून कळवतो.

नमस्कार.

२८ ऑक्टोबर

नमस्कार.

पिशवी पोचली. ती तुमच्या कॅरिअरच्या मापाने शिवलेली आहे, माझ्या सायकलीला लागत नाही. दुसऱ्या कोणाला देण्यासारखीही राहिलेली नाही, तिच्यावर तुमच्या चेनच्या तेलाचे डाग आहेत. तेव्हा उद्याच्या टपालाने ती परत येईल. तुम्ही पुन्हा पाठवलीत तर मी पुन्हा पाठवीन. टपालखात्याचं भलं होईल.

तुम्ही रागावलात की आख्ख्या आळीला कळतं. मी रागावलो की माझे टाके बारीक पडतात, एवढंच. यंदा दुकानातले सगळे कपडे फार बारीक टाक्यांचे गेलेत. हसलो का विचारता. नाही हसलो. तुमची पत्रं मी कात्रीखाली ठेवत होतो आणि गिऱ्हाइकाचं एकच माप दोनदा घेत होतो.

जूनमध्ये मी एका कोटाचं कापड बेतत होतो. मान वर केली तर लेक दारात, दोन बॅगा घेऊन. बसली, पाणी प्यायली आणि सगळं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, त्यांना एवढ्यात सांगू नका. कळलं की ते धावत येतील. तुम्हाला मी नाही म्हणू शकते, त्यांना नाही म्हणता येणार नाही मला. मग आम्ही दोघं त्यांच्यासाठी पुन्हा एकत्र राहू, आणि ते आणखी वाईट होईल." सह्या होईपर्यंत गप्प राहायचं मी कबूल केलं. ऐकलंत ना? बापाला ती नाही म्हणू शकते, सासऱ्याला नाही. तुम्ही मला विचारता की मी एक ओळ का लिहिली नाही. त्या ओळीने माझी लेक परत त्या घरात गेली असती, तुमच्यावरच्या मायेपोटी. लिहायची होती?

आता माझं ऐका, कारण चार महिने मी दुसऱ्यांचंच ऐकतोय. मलाही राग येतो. तुमच्या मुलाचा येतो. पण राग टिकवायला काहीतरी लागतं, आणि मला काही सापडत नाही. मी लेकीला विचारलं, त्याने काय केलं? म्हणाली, काही नाही. तू काय केलंस? काही नाही. "भांडलो असतो तर बरं झालं असतं, बाबा. आमचं बोलणंच संपलं." आता या उत्तराचं मी काय करू? शिवण उसवली असती तर पुन्हा घातली असती, तेच तर करत आलोय जन्मभर. इथे कापडच विरलंय. दोन्ही पोरं चांगली, कोणाचं चुकलेलं नाही, आणि म्हणून भांडायलाही कोणी नाही. शेवटी तुम्ही माझ्याशी भांडताय. ठीक आहे, कोणाशी तरी भांडायला हवंच.

ऑक्टोबरात आलो असतो तर काय झालं असतं सांगू? चार दिवस तुमच्या पाठीकडे बघत सायकल मारली असती. लॉजवाल्या बाईंनी दर वर्षीसारखं "लेकजावई कसे आहेत?" म्हणून विचारलं असतं. तुम्ही "मजेत" म्हणाला असता आणि मी शेजारी उभा राहून मान हलवली असती. ते मला जमलं नसतं. गप्प राहणं जमतं, मान हलवणं जमत नाही.

आपण एकमेकांचे कोण विचारता. बायको गेल्यापासून मी मोठ्याने हसतो ते त्या चार दिवसांत, तुमच्या कुरकुरीवर. वर्षभर ते पुरवून वापरतो. तेही गेलं तर घरात लेकीचं दुःख आणि माझं मशीन एवढंच राहतं. हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं, दया यावी म्हणून नाही.

पुलावर राग काढू नका. तुम्ही एकटे जाऊन या.

शिंपी

१४ नोव्हेंबर

जाऊन आलो. तुम्ही सांगितलंत म्हणून नाही. चिडून गेलो.

पिशवी लावली होती. दुसरी नव्हती म्हणून.

सगळा प्रवास नुसता वैतागाचा झाला. निघाल्यापासून वारा समोरून, आणि तो अडवायला पुढे कोणी नाही. जकातघरापाशी सवयीने थांबलो. अदलाबदल करायला. कोणाशी करणार? दोन मिनिटं एक पाय जमिनीवर टेकून उभा राहिलो आणि पुन्हा आपणच पुढे निघालो. बुरुजापाशीही तेच केलं. म्हातारपणी अंगाला लागलेल्या सवयी माणसाचं हसं करतात. तिथल्या पाटीवर लिहिलंय की या तोफा कधीच उडाल्या नाहीत. एवढ्या मोठ्या तोफा, एवढा मोठा बुरूज, आणि एकदाही उडाल्या नाहीत. हे तुम्हाला ऐकवायचं होतं. तुम्ही म्हणाला असता, तुमच्या रागासारख्या नाहीत म्हणायच्या. ते वाक्य मी मनात तुमच्या आवाजात म्हटलं आणि त्यावर मीच चिडलो.

लॉजवाल्या बाईंनी विचारलं, दुसरे कुठे? मी म्हणालो, गुडघा. तोंडातून तेच निघालं. तेव्हा कळलं, खोटं किती लवकर तयार होतं. लेकजावई कसे आहेत, असंही विचारलं त्यांनी. मी म्हणालो, उशा बदलल्यात का? बिचाऱ्या उशा आणायला गेल्या.

मग पूल. अरुंद आहे. लाकडी फळ्या आहेत, त्या चाकाखाली खडखडतात, दात हलतात. मध्यावर कठडा इतका बुटका की मी उतरून चाललो, साहेबांसारखा. आणि पलीकडे ते दीपगृह. अहो, काय सांगू तुम्हाला. चहूबाजूंनी पत्रे ठोकलेत. दुरुस्ती चालू आहे. वर जायचा जिना बंद. खाली शीतपेयांची टपरी. जवळून बघितलं तर भिंतीला नवा रंग फासलेला, खालून पोपडे. सात वर्षं ज्याच्याकडे बघत डबा खाल्ला ते हे. मी राखणदाराला विचारलं, कधी उघडणार? म्हणाला, मार्चमध्ये, म्हणजे बहुतेक.

पत्र्यांच्या कडेने फिरून मी खाडीच्या बाजूला आलो. तिथून आपला बांध दिसतो. आपण बसायचो तो दगडही ओळखू येतो. रिकामा होता. इकडे मी आणि तिकडे तो दगड. मला एवढा वैताग आला की मी मोठ्याने म्हणालो, "बघितलंत?" राखणदार म्हणाला, "काय?" मी म्हणालो, काही नाही. त्याला काय सांगणार? मी कुरकुर करायला तोंड उघडलं होतं आणि ऐकणारं कोणी नव्हतं. हिला घरी येऊन सांगितलं, ती म्हणाली, मग कशाला गेलात? हा काही ऐकणाऱ्याचा प्रश्न नाही.

तुमचं पत्र मी तीन वेळा वाचलं. तुमची लेक माझ्यासाठी परत गेली असती, ते वाक्य वाचून मला आधी बरं वाटलं आणि मग फार वाईट वाटलं. तिला सांगा, मी समजवायला येणार नाही. पोरालाही काही म्हणालो नाही. परवा त्याच्याकडे गेलो, दोघांनी मिळून कुंड्या रिकाम्या केल्या आणि मी परत आलो. हिचा अजून विश्वास बसत नाही की मी तिथे दिवसभर होतो आणि गप्प होतो. तुम्ही लिहायला हवं होतं, असं मी म्हटलं ते चुकलं. लिहायला नकोच होतं. तरी राग पुरता गेलेला नाही, थोडा आहे, तो कोणावरचा ते सापडलं की कळवतो.

आता तुम्हाला या म्हणायचं का, हा प्रश्न आहे. व्याही म्हणून मी तुम्हाला दरडावून बोलवत होतो. आता कोणत्या नात्याने बोलवू? म्हणून बोलवत नाही. फक्त कळवतोय की दीपगृह मार्चमध्ये उघडेल. म्हणजे बहुतेक.

छापखानेवाला

२१ नोव्हेंबर

व्याहीबुवा,

मार्चपर्यंत थांबायला मला सवड नाही. पत्रे ठोकलेलं तर पत्रे ठोकलेलं. तुम्ही एकट्याने बघून नावं ठेवलीत, माझी ठेवायची राहिलीत.

मी इस्त्री करत होतो तेव्हा लेकीने तुमचं पत्र मोठ्याने वाचलं. राखणदाराच्या ओळींशी ती हसली. किती दिवसांनी हसली ते मी तिला सांगितलं नाही. पुढे कुंड्यांचं आलं आणि पत्र टेबलावर ठेवून ती आत गेली आणि बराच वेळ आली नाही. आली ती माझी सायकल घेऊन सायकलवाल्याकडे गेली. आता चाक सरळ फिरतंय.

या खेपेला पोरांचा विषय काढायचा. मला तुमच्या मुलाबद्दल जे बोलायचंय ते मी बोलणार, तुम्हाला माझ्या लेकीबद्दल बोलायचं ते बोला. उशिरा उठण्यापासून सुरू करा हवं तर. एकमेकांचं ऐकून घेऊ, चिडू, पुन्हा निघू. लॉजवाल्या बाईंना खरं ते सांगू. मी सांगतो, तुम्ही उशांचं बघा.

राहिला तुमचा प्रश्न, कोणत्या नात्याने. तो अर्ज लेकीने मला दाखवला. खाली दोन सह्या आहेत, एक तिची आणि एक तुमच्या मुलाची. पुन्हा पुन्हा बघितला. माझी सही त्यावर कोणी मागितलेली नाही. तुमचीही मागितलेली नाही. त्यांचे ते सुटे झाले, सुखात राहोत. मला तुमच्यापासून कोणी सुटं केलेलं नाही, आणि करायला कोणी कागद घेऊन आलं तर मी सही करणार नाही. तुम्ही करणार असाल तर आत्ताच कळवा.

नाहीतर शनिवारी सकाळच्या बसने येतोय. सायकल बसच्या टपावर असेल आणि ती माझ्या एकट्याच्याने उतरत नाही. स्टँडवर या.

तुमचा व्याही,
शिंपी